बाटली, बटवा आणि गुपित : निजामकालीन नांदेड-लातूरच्या औषधांविषयी (दीर्घ धागा)

‘पेटंट औषध’ हा शब्दच मुळात फसवा आहे. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याने शासनाशी केलेला सौदा. शोध काय आहे ते उघड करायचे आणि त्या बदल्यात काही वर्षांची मक्तेदारी मिळवायची. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या बाटल्या, डब्या आणि पुड्या ‘पेटंट औषधे’ म्हणून घरोघरी पोहोचल्या, त्यांतील बहुतेकांना असे पेटंट नव्हतेच. त्यांचे सारे भांडवल नेमके उलट होते : आत काय आहे ते कुणाला कळू द्यायचे नाही.

हा शब्द इंग्लंडमधून आला. तेथे सतराव्या-अठराव्या शतकांत काही औषधविक्रेत्यांना राजाच्या सनदा मिळाल्या आणि त्या दिमाखाची नक्कल सगळ्यांनी केली. १७८३ पासून तेथे अशा औषधांवर स्टँपकर बसला. करवसुलीसाठी बाटलीवर डकवलेली चिठ्ठी ही सरकारची पसंती आहे, असे गिऱ्हाइकांना वाटू लागले. विक्रेत्यांनी तो गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही, हे सांगायला नकोच.

या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन सवयी मराठी वाचकांत रूढ आहेत. जुनी जाहिरात सापडली की पहिला वर्ग हसतो : पाहा, लोक किती भोळे होते. दुसरा वर्ग उसासा टाकतो : पाहा, आजीच्या बटव्यात सगळे होते, दवाखान्याची गरजच नव्हती. मराठवाड्याच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दुसरा अधिक घातक आहे. कारण ‘गरज नव्हती’ असे ज्या काळाबद्दल म्हटले जाते, त्या काळात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती.

एक आकडा पुरे. १९११ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २४ लाख भरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून नऊ लाखांनी घटली. त्यामागे प्लेग होता, दुष्काळी टंचाई होती आणि सर्वांत वर १९१८ चा इन्फ्लुएंझा होता. मराठी माणसाने त्या रोगाला नाव दिले ‘मानमोडी’. त्या वर्षी बटवे घरोघरी होते. तुळस होती, सुंठ होती, गवती चहा होता.

आता भूगोल. आजचे लातूर आणि नांदेड हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा ही गावे बीदरकडे होती. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, घरची मराठी. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कानडीही कानावर पडे.

रोगांना लोकांनी दिलेली नावे या मिश्र प्रदेशाची साक्ष देतात. पटकी, हिवताप, देवी, गाठीचा ताप, मानमोडी. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, देवी आल्या की घरात फोडणी द्यायची नाही. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना असलाच, तरी पन्नास खेड्यांना तो एक. बाकीच्यांसाठी वैद्य, हकीम, अत्ताराचे दुकान, जत्रेत जडीबुटी मांडून बसणारा आणि तुंबडी लावणारा वैदू, डाग देणारा एखादा म्हातारा आणि घरातली वडीलधारी बाई.

या जगात बाटली शिरली ती रेल्वेने. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या आसपास मिळाला आणि नांदेड एकदम हैदराबादच्या अंगणात आले. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोहोचली. ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी कुर्डुवाडीला मोठ्या लाइनशी जोडलेली होती. म्हणजे लातूरच्या अडत बाजारातला माल जिकडे जाई, तिकडूनच मुंबई-पुण्याचा माल येई.

औषधांच्या बाबतीत या दोन रुळांचे महत्त्व कमी लेखले गेले आहे. एका रुळावरून डोंगरे बालामृत, अमृतांजन, पनवेलच्या धूतपापेश्वरची आसवे-अरिष्टे, वरळीच्या बाटलीवाला डॉक्टरांचे तापाचे मिश्रण असा मुंबई इलाख्याचा माल यायचा. दुसऱ्या रुळावरून हैदराबादची युनानी परंपरा यायची : अर्क, माजून, जोशांदा. मराठवाड्याचे औषधाचे कपाट या दोन परंपरांच्या मिसळीतून भरले. ‘आपले आयुर्वेदिक’ आणि ‘त्यांचे युनानी’ अशी आजची वाटणी त्या कपाटात शोधूनही सापडत नाही.

त्या कपाटातली सर्वांत प्रसिद्ध बाटली म्हणजे ‘झिंदा तिलिस्मात’. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये हैदराबादेत तिची सुरुवात केली. मानमोडी येऊन गेल्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती, हे ध्यानात ठेवावे. ‘तिलिस्म’ म्हणजे जादू. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मुळात ग्रीक, आणि इंग्रजीतला ‘टॅलिझमन’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘जिवंत जादू’ असे नाव धारण करणारे औषध नम्रतेचा आव आणत नव्हते.

बाटलीवरचे चित्र आणखी बोलके आहे : एक बळकट आफ्रिकी योद्धा. हैदराबादकरांना ही प्रतिमा अनोळखी नव्हती. निजामाच्या पदरी आफ्रिकी वंशाच्या सैनिकांचे घोडदळ होते आणि हैदराबादेतील ‘ए. सी. गार्ड्स’ या वस्तीच्या नावात ते आजही टिकून आहे. ज्या प्रदेशात शंभरातल्या मोजक्यांनाच अक्षर ओळखता येई आणि ज्यांना येई त्यांच्याही लिप्या निरनिराळ्या होत्या, तेथे चित्र हेच नाव होते. उर्दू न वाचणारा मुखेडचा शेतकरी आणि मराठी न वाचणारा निजामाबादचा शेतकरी दोघेही तीच बाटली बोट दाखवून मागू शकत.

आत काय होते? आज ते गुपित राहिलेले नाही. निलगिरीचे तेल, कापूर, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे फूल, थायमॉल म्हणजे ओव्याचे फूल आणि रंगासाठी रतनजोत ही मुळी. यात जादू नाही. पण यात फसवणूकही नाही, आणि हसणाऱ्या वर्गाने येथे जरा थांबावे. मेंथॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, थायमॉल जंतुनाशक आहे, कापराने ठणका काही काळ विसरतो. सर्दीपडशाला, डोकेदुखीला, मुका मार लागल्यावर चोळायला हे मिश्रण जेवढे उपयोगी पडायचे तेवढे पडतेच.

अडचण दुसरीकडे होती. त्या काळच्या अशा बाटल्यांची, कोणत्याही एका कंपनीची नव्हे, तर एकूण सगळ्या वर्गाची सवय अशी की एकाच औषधाने पडशापासून पटकीपर्यंत सारे बरे व्हावे. पडशाचा दावा खरा ठरला की त्याच्या जोरावर पटकीचा दावाही पदरात पडे. पडसे तसेही आठवड्यात जाते. पटकी मात्र एका दिवसात माणूस नेते.

याच घराण्यातले दुसरे नाव ‘अमृतधारा’. लाहोरचे पंडित ठाकूर दत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते बाजारात आणले. नंतर मराठी घरांत ‘अमृतधारा’ हे एका कंपनीचे नाव न राहता एका कृतीचे नाव झाले. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल सारख्या वजनाने घ्यायचे आणि बाटलीत घालून बूच लावून हलवायचे. तिन्ही पदार्थ कोरडे, स्फटिकांसारखे. थोड्या वेळात पाण्याचा थेंबही न घालता बाटलीत तेलकट द्रव तयार.

पाहणाऱ्याला हे तिलिस्मच वाटावे, पण कारण साधे आहे. हे पदार्थ एकत्र आले की एकमेकांची स्फटिकरचना बिघडवतात आणि मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू प्रत्येकाच्या स्वतंत्र बिंदूपेक्षा फार खाली येतो, इतका की तो नेहमीच्या हवेच्या उष्णतेच्याही खाली जातो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात. अत्ताराच्या दुकानातून तीन पुड्या आणून हा प्रयोग करणाऱ्या गृहिणीला शब्द ठाऊक नव्हता, कृती ठाऊक होती.

येथे एक गोष्ट घडली जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. गुपित फुटले आणि औषध स्वस्त झाले. ज्या बाटलीसाठी लाहोरला पैसे पाठवावे लागत, तीच वस्तू घरी तयार होऊ लागली. ‘आजीचा बटवा’ म्हणून आज जे दाखवले जाते त्यातील बरेचसे असे आहे : फार प्राचीन नव्हे, तर शंभर वर्षांपूर्वीच्या बाजारातून घरात आलेले. मेंथॉलचे शुद्ध स्फटिक काही ऋषिमुनींच्या आश्रमात मिळत नव्हते. बाटली आणि बटवा यांच्यामधली भिंत लोक समजतात तेवढी जाड नाही.

नक्कल करणारे केवळ गृहिणीच नव्हते. ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ हा नावाचा तंटा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६२ मध्ये त्याचा निकाल लागला. ऐकण्यात-पाहण्यात दोन्ही नावे इतकी सारखी की सामान्य बुद्धीचा, पुसट स्मरणाचा ग्राहक फसेल, असे न्यायालयाने मानले. तरीही दीर्घकाळच्या वापराचा व मूळ मालकाच्या मौनाचा विचार करून दुसऱ्या नावाला उत्तर प्रदेशापुरती जागा दिली. भांडण औषधाच्या गुणाचे नव्हते. ते नावाचे होते, कारण मालमत्ता नावातच होती.

नाव पोहोचवायचे तर जाहिरात हवी आणि माल पोहोचवायचा तर टपाल. ब्रिटिश टपालाने १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू केली : पार्सल हाती आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे. औषधांच्या धंद्याला ही सोय म्हणजे वरदान ठरली. लाजेचे रोग असलेल्या माणसाला गावच्या वैद्याला तोंड दाखवावे लागेना. ‘धातुपुष्टी’च्या गोळ्यांचा सारा व्यापार या लाजेवर उभा राहिला आणि जाहिरातींनी ती लाज कमी करण्याऐवजी वाढवली. जामनगरच्या आतंकनिग्रह औषधालयाने कामशास्त्रावरच्या फुकट पुस्तिका वाटून नाव कमावले. तरुण मुलांना स्वतःच्या शरीराची भीती घालून विकलेल्या या गोळ्यांविषयी आजच्या स्मरणरंजनात कुणी बोलत नाही. त्या बहुधा त्या युगाच्या सर्वांत निर्दय बाटल्या होत्या.

निजामाच्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला आणखी एक हिशेब करावा लागे. संस्थानाचे नाणे वेगळे होते. त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत आणि ब्रिटिश रुपयाला ‘कलदार’. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. मुंबईच्या जाहिरातीतली किंमत कलदारात, वर ‘टपाल हशील निराळे’. ब्रिटिश हद्दीतून येणाऱ्या मालावर संस्थानाची करोडगिरी म्हणजे सीमाशुल्क साधारण पाच टक्के. मुंबईत बारा आण्यांची म्हणून छापलेली बाटली लातूरच्या दुकानात बारा आण्यांना मिळणे अशक्यच. हैदराबादी माल मात्र हाली सिक्क्यात विकला जाई आणि मध्ये नाकेही नव्हते. झिंदा तिलिस्मातच्या यशाचे श्रेय केवळ तिच्या गुणाला किंवा चित्राला देणारे हा नाण्यांचा हिशेब विसरतात.

वर्तमानपत्रे आणि औषधे यांचे नातेही उघडे करून पाहिले पाहिजे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले आणि त्या मलमाच्या कमाईतून १९०८ मध्ये ‘आंध्रपत्रिका’ काढली, तीही मुंबईतच. मलमाने वर्तमानपत्र जन्माला घातले हे चांगलेच झाले. पण इतरत्र उलट दिशाही होती. औषधांच्या जाहिरातींवर जगणारे पत्र औषधांवर टीका कशी छापणार? इंग्लंडमध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांचे पृथक्करण करून ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा कित्येक वर्तमानपत्रांनी त्या पुस्तकाची जाहिरातही घेतली नाही. त्या पुस्तकानुसार बीचम यांच्या गोळ्यांत होते काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. शिलिंगाहून अधिक किमतीच्या पेटीतला खरा ऐवज अर्ध्या फार्दिंगचा. पेटीवरचे ब्रीदवाक्य मात्र ती एका गिनीच्या मोलाची असल्याचे सांगे. एका गिनीचे फार्दिंग होतात एक हजार आठ.

आता तापाकडे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेजवळ बेगमपेठेत. शोध लावणारे रोनाल्ड रॉस. नांदेडहून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर हे घडले, पण हिवतापाने फणफणलेल्या कंधार-किनवटच्या माणसापर्यंत त्याचा लाभ पोहोचायला पिढ्या गेल्या.

खरे औषध एकच होते : क्विनीन. बंगालमध्ये १८९० च्या दशकात टपाल कचेऱ्यांतून त्याच्या पुड्या एका पैशाला मिळू लागल्या. पुडीवर नाव असे, आतल्या द्रव्याचे माप असे. बाजारातल्या ‘तापाच्या मिश्रणां’त पुष्कळदा हेच क्विनीन असे, पण किती, ते कळत नसे. काहींत पुरेसे असे, काहींत नावाला. मात्रा कमी पडली की ताप उतरे आणि पंधरवड्याने पुन्हा येई, आणि दुसरी बाटली घ्यावी लागे. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमावी लागली, त्यामागे भेसळीच्या आणि हलक्या औषधांच्या तक्रारी होत्या आणि क्विनीनचे नाव त्यात ठळक होते.

बटव्याकडेही त्याच डोळ्यांनी पाहायला हवे. बाळगुटी घ्या. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, सागरगोटा, खारीक, बदाम. सहाणेवर दुधात किंवा पाण्यात प्रत्येकाचे ठरावीक वेढे उगाळायचे. ‘वेढा’ हे माप फार शहाणपणाचे आहे. पोर महिन्याचे असेल तर एक, वाढेल तसे दोन. जायफळ गुंगी आणते, म्हणून ते अर्धाच वेढा, हे सांगणारी बाई मात्राशास्त्रच सांगत होती. सगळी द्रव्ये डोळ्यांसमोर, नावांसकट. सून सासूकडून शिके, शेजारीण सुनेकडून.

पण त्याच घरात बाळगोळीही होती. रोजगाराला जाणाऱ्या आईचे तान्हे दिवसभर निजून राहावे म्हणून अफूची इवलीशी गोळी. मुंबईच्या गिरणगावात ही प्रथा सर्वज्ञात होती, खेड्यांतही ती नवी नव्हती. १८९३ ते ९५ या काळात अफूवरच्या शाही आयोगासमोर तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीची चर्चा झालेली आहे. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या नावाच्या गोड सिरपात मॉर्फीन असे. म्हणजे बोस्टनची आई आणि बिलोलीची आई एकच चूक करत होत्या. फरक एवढाच की बिलोलीच्या आईला गोळीत काय आहे ते माहीत होते. नाइलाजाने दिलेल्या अफूबद्दल तिला दोष देणाऱ्याने खुरपणीच्या शेताच्या बांधावर झोळीत ठेवलेल्या मुलाचाही विचार करावा.

अमेरिकेने १९०६ मध्ये कायदा केला, त्याने अफू-मॉर्फीनवर लगेच बंदी घातली नाही. एवढेच सांगितले की असेल तर बाटलीवर लिहा. ही अट क्षुल्लक वाटते. पण एकदा ‘मॉर्फीन’ हा शब्द छापला गेला की आया बाटली परत ठेवू लागतात. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांच्या १८५१ सालच्या ग्राइप वॉटरमध्येही बडीशेपेच्या जातीच्या शेपूबरोबर अल्कोहोल होते. बाळकृष्णाच्या चित्रांच्या दिनदर्शिकांवरून ते हिंदुस्थानभर पोहोचले. सोवळ्यातल्या ज्या घरांत मद्याचा शब्द वर्ज्य होता, तेथेही ते चमच्याने पाजले गेले.

हा मुद्दा बिब्ब्यालाही लागू आहे. मराठवाड्यात पोट दुखले की बिब्बा, गुडघा दुखला की बिब्बा. त्याचे तेल कातडीला जाळते, फोड आणते. धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करायला तेच वापरत. हे सर्वांना ठाऊक होते, ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार उगाच आला नाही. तरीही तान्ह्या पोरांच्या पोटावर त्याचे चटके दिले गेले. घरगुती म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण जुन्या बायांनी कधीच मांडले नव्हते. ते आजच्या रील बनवणाऱ्यांचे आहे.

सर्वांत दुःखाची कथा पटकीची. या रोगात जिवाणूचे विष आतड्यातून पाणी आणि क्षार ओढून घेते आणि माणूस अक्षरशः सुकून मरतो. म्हणजे इलाज पाणी आणि मीठ. पण जुलाब-उलट्या होत असताना पाणी द्यायचे नाही, दिल्यास आणखी होतात, अशी समजूत वैद्यांत होती, हकिमांत होती आणि डॉक्टरांतही होती. बत्ताशावर अमृतधारेचे थेंब घालून देत आणि पाण्याचा तांब्या दूर ठेवत. गोऱ्या साहेबांच्या पेटीत कॉलिस ब्राउनचे क्लोरोडाइन असे : अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अंश. त्याने जुलाब थांबल्यासारखे वाटत, गेलेले पाणी परत येत नसे.

कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०८ च्या सुमारास शिरेतून क्षारजल देऊन पटकीचे मृत्यू पुष्कळ खाली आणले. मात्र सुई, शीर आणि निर्जंतुक पाणी खेड्यात कुठून येणार? पुढे १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिण्यास दिले आणि हजारोंचे प्राण वाचले. साखरेसोबत दिलेले मीठ आतड्यात शोषले जाते, ही सगळी किल्ली. मीठ, साखर, पाणी, भाताची पेज : नांदेड-लातूरच्या प्रत्येक चुलीपाशी हे होते. १९१८ मध्येही होते. द्रव्य घरात आणि ज्ञान कुठेच नाही. बटव्याचे गुणगान करणाऱ्यांनी आणि बाटलीला हसणाऱ्यांनी दोघांनीही या प्रसंगापाशी गप्प राहावे असा हा प्रसंग आहे.

म्हणून या इतिहासातली खरी रेघ देशी-विदेशी, आयुर्वेद-युनानी, बाटली-बटवा यांच्यामध्ये ओढता येत नाही. ती उघड आणि गुप्त यांच्यामध्ये ओढावी लागते. जे उघड होते ते तपासता आले, सुधारता आले, चुकले तर टाकता आले. मराठीत या उघडेपणाचा एक मोठा पुरस्कर्ता होऊन गेला : शंकर दाजीशास्त्री पदे. त्यांनी ‘वनौषधि गुणादर्श’ लिहिले, ‘आर्यभिषक्’ चालवले, १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचे पहिले अखिल भारतीय संमेलन भरवले. वनस्पतीचे नाव, ओळख, उपयोग, प्रमाण, सारे मराठीत छापून मोकळे केले. त्यांतले सगळे आजच्या कसोटीला उतरेलच असे नाही. पण छापले गेले म्हणूनच ते कसोटीला लावता येते.

गुपिताची बाजू मांडणारे म्हणतील की वैद्याचा धंदा होता, नुस्खा फुकट का वाटावा? हा प्रश्न रास्त आहे. मोइझुद्दीन फारुकी यांनी किंवा ठाकूर दत्त शर्मा यांनी आपला नुस्खा राखला यात अनैतिक काही नव्हते. त्या काळी देशात ट्रेडमार्कचा स्वतंत्र कायदाच नव्हता, तो १९४० चा. ‘नकली मालापासून सावध राहा’ असे बाटलीवर छापण्यापलीकडे त्यांच्या हाती उपाय नव्हता. दोष असलाच तर तो राज्यव्यवस्थेचा. ना तिने नुस्ख्याला संरक्षण दिले, ना गिऱ्हाइकाला.

कायदे आले ते तुकड्यातुकड्यांनी. १९४० चा औषध कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, निजामाच्या राज्याला तो आपोआप लागू नव्हता. १९५४ मध्ये चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे सैल म्हणून खोडली, पण औषधाची अशी जाहिरात म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे, हे तत्त्व कायम केले. आयुर्वेदिक आणि युनानी औषधांसाठी औषध कायद्यात वेगळे प्रकरण घालण्यात आले ते १९६४ च्या दुरुस्तीने. झिंदा तिलिस्मात आज युनानी औषध म्हणून विकले जाते, घटक छापून. निलगिरीचे तेल आणि कापूर लहान मुलांच्या पोटात जास्त गेले तर झटके येऊ शकतात, हे माहीत असलेला बाप आता ती यादी वाचून चमचा खाली ठेवू शकतो.

एक औषध मात्र या सगळ्या कायद्यांच्या बाहेर राहिले. काविळीचे. मराठवाड्यात अशी गावे आणि अशी घरे आहेत जेथे पिढ्यान्‌पिढ्या काविळीचे औषध दिले जाते. ठरावीक वारी, उपाशीपोटी, पैसा न घेता. कोणती पाने, ते घरच्या एकाच माणसाला ठाऊक. सांगितले तर गुण जातो, अशी श्रद्धा. देणाऱ्याच्या मनात लोभ नसतो आणि म्हणूनच त्यावर शंका घेणे कठीण जाते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे औषधाला यशही भरपूर येते. पित्तनलिकेत खडा अडकलेला किंवा यकृताला कर्करोग झालेला रुग्ण त्याच रांगेत बसतो आणि त्याचे काही आठवडे जातात. विक्री नाही, म्हणून विक्रीचा कायदा लागत नाही. बाटली नाही, म्हणून घटक छापायला जागा नाही. एस. टी.तून उतरून लोक अजूनही पत्ता विचारत तेथे जातात.